पडून असलेली जुनी जीप विकत घेताना

एक काळ असा होता की गावात जीप आली म्हणजे कुणीतरी साहेब आले असं समजायचं. बीडीओंची जीप, पाटबंधारे खात्याची कालव्याकडेने फिरणारी जीप, साखर कारखान्याच्या शेतकी विभागाची जीप. त्यातल्या कितीतरी गाड्या पुढे लिलावात गेल्या, शेतकऱ्यांनी आणि ठेकेदारांनी घेतल्या, दोन-तीन हातांतून फिरल्या आणि आता कुठेतरी गोठ्यामागे, चिंचेखाली, बंद पडलेल्या गॅरेजच्या भिंतीला टेकून उभ्या आहेत. हूड फाटलेलं, टायर जमिनीत रुतलेले, बोनेटखाली उंदरांची घरं. अशी एखादी गाडी घेऊन ती पुन्हा रस्त्यावर आणावी असं वाटणारी मंडळी आता वाढली आहेत, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पहिलीच जीप घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच ठासून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. जुन्या जीपचं इंजिन मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, हाऊसिंग मिळतं, पूर्ण पत्र्याची बॉडीसुद्धा नवी करून मिळते. मिळत नाहीत त्या दोनच गोष्टी : चालू असलेले कागद आणि त्या कागदांवरच्या नंबरची खरी चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. म्हणून बघण्याचा क्रमही तोच ठेवायचा. बहुतेक नवखे लोक याच्या बरोबर उलटं करतात. आधी रंग बघतात, मग इंजिनाचा आवाज ऐकतात आणि कागदांचं ‘होईल नंतर’ म्हणून सोडून देतात.

कोणती जीप, हे आधी ठरवा

‘जुनी जीप’ म्हणजे एकच गाडी नव्हे. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली आणि तिथून एक मोठं खानदान तयार झालं.

आपल्याकडे सर्वांत जास्त सापडते ती सीजे-३बी. उंच, चौकोनी बोनेटवरून ती लांबूनच ओळखू येते. बोनेट उंच असण्याचं कारण तिच्या पोटात आहे. हरिकेन नावाच्या या २२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. आधीच्या इंजिनापेक्षा ते उंच झालं, म्हणून बोनेटही उंच करावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ला आलं आणि १९६८ ला थांबलं, पण आपल्याकडे ते त्यानंतरही अनेक वर्षं बनत राहिलं. पहिल्या प्रकल्पासाठी माझी शिफारस हीच. गाडी साधी आहे, पार्ट मिळतात आणि तिचं काम येणारे जुने मिस्त्री अजून आहेत.

त्यानंतरची एमएम-५४०, साल १९८५ पासूनची. तिच्यात पूझो या फ्रेंच कंपनीच्या रचनेचं डिझेल इंजिन आणि चार गिअर. रोज वापरायची असेल तर ती बरी, पण पन्नास वर्षांचा टप्पा तिच्यापासून अजून लांब आहे. त्याचं महत्त्व पुढे सांगतो.

पिकअपचीच हौस असेल तर एफसी-१५० शोधा. १९५६ च्या अखेरीस अमेरिकेत निघालेली ही गाडी महिंद्रांनी साठच्या दशकात इथे बनवायला घेतली. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकावर बसतो, इंजिन दोन सीटांच्या मधोमध झाकणाखाली, आणि मागे मोकळा हौदा. छोट्याशा ट्रकसारखी ही गाडी इतकी देखणी आहे की बघताच घ्यावीशी वाटते. इथेच सावध व्हा. तिचं इंजिन-गिअरबॉक्स जीपचंच असल्यामुळे तो भाग सोपा जातो, पण केबिनचे दरवाजे, पुढची मोठी काच, जाळी, हँडलं यांतलं काही हरवलेलं असेल तर ते महिनोन्महिने सापडत नाही. एफसी घ्यायची तर पत्रा सडलेला चालेल, पण पूर्ण असलेली घ्या. सडलेला दरवाजा कारागीर बनवून देतो, कारण त्याच्या हातात नमुना असतो. मुळात नसलेला दरवाजा कशावरून बनवणार?

आणखी एक प्रकार वारंवार होतो. साध्या सीजेला हिरवा रंग, पांढरा तारा आणि मागे जेरी कॅन लावून ‘दुसऱ्या महायुद्धातली गाडी’ म्हणून दुप्पट भाव सांगितला जातो. युद्धकाळातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू १९४१ ते १९४५ या काळातल्या. त्यांना मागे उघडणारं फळकं नाही, पुढच्या जाळीला नऊ खाचा आहेत आणि हेडलाइट जाळीच्या आत बसवलेले आहेत. विलीजची पुढची आडवी पट्टी गोल नळीची, फोर्डची उलट्या यू आकाराची. रंग सगळ्यांना लावता येतो, ही पट्टी मात्र सहसा कुणी बदलत नाही. खाली वाकून बघा.

कुठे शोधायची

जाहिरातींतून मिळते, पण चांगली गाडी तोंडी माहितीतून मिळते. तालुक्याच्या गावातला जुना जीपवाला मिस्त्री, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) मारणारा, रेडिएटरवाला यांना कुठे कोणती गाडी पडून आहे हे ठाऊक असतं. प्रदेशाचाही विचार करा. कोकणातली आणि गोव्यातली गाडी बाहेरून छान दिसली तरी खारट दमट हवेने चासी आतून खाल्लेली असू शकते. मराठवाडा-विदर्भातल्या गाडीचा रंग उन्हाने उडालेला असतो, रबरं चिरलेली असतात, पण लोखंड सहसा शाबूत असतं. मी डोळे झाकून दुसरी निवडेन. आणि गोठ्यात उभ्या असलेल्या गाडीचा तळ आधी तपासा. शेण-मूत्राच्या ओलीने पत्रा खालून वर सडत जातो आणि वरून काहीच कळत नाही.

हरियाणातल्या मंडी डबवालीच्या जीपांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. तिथल्या कारागिरांच्या हाताला तोड नाही. पण नव्या पत्र्याची, वेगळ्या इंजिनाची, कुठल्यातरी जुन्या कागदांवर चालवली जाणारी गाडी म्हणजे जुन्या गाडीचं पुनरुज्जीवन नव्हे, आणि महाराष्ट्रात आणून नावावर करताना ती गळ्यात येऊ शकते.

सरकारी लिलावाबद्दल : १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही, ती अधिकृत स्क्रॅप केंद्रातच जातात. लष्करी वगैरे विशेष कामाच्या गाड्यांना अपवाद आहे, पण ‘खात्याच्या लिलावातली आहे, पासिंग करून देतो’ असं आज कुणी सांगत असेल तर लिलाव कधी झाला आणि त्यानंतर गाडी खासगी नावावर कधी चढली, याचा कागद मागा. लिलाव भंगार म्हणून झालेला असेल तर ती गाडी पार्टसाठीच.

कागद : इथे घाई नको

गाडी बघायला जाण्याआधीच फोनवर आरसी बुकचे फोटो मागवा. मूळ आरसी आहे की नक्कल? कुणाच्या नावावर आहे? विकणारा आणि आरसीवरचा मालक एकच आहे का? जुन्या जीपांत बहुतेक वेळा तो एक नसतो. आजोबांच्या नावावर गाडी, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, आणि विकतोय नातू. अशा वेळी आधी वारसाच्या नावावर गाडी चढवावी लागते. त्याला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. हे काम विकणाऱ्याने पूर्ण करून द्यावं आणि त्यानंतरच व्यवहार व्हावा. ‘तुम्ही गाडी न्या, सह्या आम्ही केव्हाही देऊ’ यावर कितीही जवळचा माणूस असला तरी विसंबू नका. एक काका पुण्याला, एक आत्या सुरतेला, आणि गाडी चकाचक झाल्यावर प्रत्येकाला तिची आठवण येते.

नेहमीच्या हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली किंवा परराज्यातली असेल तर फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र. आरसीवर बँकेचा किंवा पतपेढीचा बोजा असेल तर फॉर्म ३५. चाळीस वर्षांपूर्वीच्या भूविकास बँकेचा बोजा अजून आरसीवर बसलेला असतो आणि कर्ज कधीच फिटलेलं असतं, असं सर्रास सापडतं. तो उतरवायला पत्र आणायचं कुठून, हा प्रश्न तुमचा होऊ देऊ नका.

मग नंबर. एमएच-१२ सारखी पद्धत १९८९ नंतरची, त्याआधीचे नंबर तीन अक्षरांचे. असे जुने नंबर पुष्कळदा ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत चढलेलेच नसतात. ऑनलाइन शोधलं तर ‘नोंद नाही’ असं येतं. याचा अर्थ गाडी बोगस आहे असा नाही. पण ज्या आरटीओत मूळ नोंद आहे तिथल्या रजिस्टरमध्ये ती सापडली पाहिजे आणि तिची बॅकलॉग नोंद (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं) करून घेतली पाहिजे. पैसे देण्याआधी एकदा स्वतः त्या आरटीओत जाऊन नोंद आहे याची खात्री करा. एजंटच्या तोंडी आश्वासनावर नाही. माझ्या मते सगळ्या व्यवहारातली हीच सर्वांत मोलाची फेरी.

खासगी गाडीची नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्यासाठी गाडी आरटीओपुढे उभी करावी लागते. पर्यावरण करही भरावा लागतो. मधल्या काळातलं नूतनीकरण राहिलं असेल तर थकबाकी आणि दंड किती, हे परिवहनच्या संकेतस्थळावर आणि आरटीओत विचारून घ्या आणि ती रक्कम सरळ किमतीतून वजा करा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना राज्यात हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवणं बंधनकारक आहे, त्यासाठीसुद्धा नोंद ऑनलाइन दिसावी लागते.

आता इंधन. सत्तर-ऐंशीच्या दशकात पेट्रोल परवडेना म्हणून असंख्य जीपांची पेट्रोल इंजिनं काढून त्यात डिझेल इंजिनं बसवली गेली. कुणी पूझो, कुणी मॅटाडोरचं, कुणी महिंद्रा ट्रॅक्टरच्या घराण्यातलं बी-२७५. ज्यांनी तेव्हाच आरसीवर तशी नोंद करून घेतली त्यांची गाडी आजही कायदेशीर आहे. ज्यांनी केली नाही त्यांच्या आरसीवर ‘पेट्रोल’ आणि बोनेटखाली डिझेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. म्हणून आरसीवरचं इंधन आणि इंजिन नंबर समोरच्या इंजिनाशी जुळतो का, ते बघाच. जुळत नसेल तर त्या इंजिनाची किंमत शून्य धरा, कारण तुम्हाला ते काढून योग्य इंजिन बसवावं लागणार आहे.

पन्नास वर्षांच्या टप्प्याचं महत्त्व असं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या, व्यावसायिक वापर नसलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,००० आणि मुदत दहा वर्षं. आधीच नोंद असलेली गाडी आपला मूळ नंबर ठेवू शकते. मात्र दोन अटी विसरू नका. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेली गाडी यात बसत नाही, आणि व्हिंटेज गाडी रोज वापरता येत नाही : प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशाच कारणांसाठी ती रस्त्यावर आणायची. हा नियम दुचाकी आणि प्रवासी मोटारींच्या गटासाठी आहे, त्यामुळे आरसीवर ‘मालवाहू’ असा शिक्का असलेली पिकअप घेणाऱ्यांनी आरटीओत आधी विचारूनच पुढे जावं.

चासी आणि पत्रा

कागद पटले, आता गाडीकडे. सोबत टॉर्च, जॅक, मोजपट्टी, लोहचुंबक, टोच्या, पोलिश पेपर, पांढरा कागद आणि मऊ पेन्सिल न्या. आणि जुने कपडे घाला. गाडीखाली न झोपता जीप बघितली असं म्हणताच येत नाही.

पहिलं काम चासी नंबर. तो चासीच्या पुढच्या भागात पंच केलेला असतो. माती आणि रंग खरवडा, पोलिश पेपर मारा, कागद ठेवून पेन्सिलचा ठसा घ्या. आरटीओसुद्धा असाच ठसा मागतं. आकडे एका ओळीत, एका मापाचे, एकाच खोलीचे आहेत का? नंबराच्या भोवती वेल्डिंगची चौकट दिसते का? दुसऱ्या चासीचा नंबराचा तुकडा कापून इथे जोडलेला असेल तर तिथेच थांबा, नमस्कार करा आणि परत या. हा भावाचा प्रश्न नाही, गुन्ह्याचा आहे.

नंबर जुळला की चासीचं आरोग्य. पाटे जिथे चासीला धरतात ते हँगर, स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तो भाग आणि हूक बसवलेली मागची आडवी पट्टी : चिरा इथेच जातात. ज्या जीपने ट्रॉली ओढली आहे तिची मागची पट्टी हमखास वाकलेली असते. टोच्या दाबून बघा. घट्ट लोखंडावर तो सरकतो, सडलेल्यात रुततो. मग माप : पुढच्या डाव्या हँगरच्या बोल्टपासून मागच्या उजव्यापर्यंत आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. दोन्ही कर्ण जवळपास सारखे हवेत. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर गाडी कधीतरी पडलेली किंवा ठोकलेली आहे. सीजे-३बीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, ८० इंच, तोही दोन्ही बाजूंनी मोजा.

पत्र्याबाबत माझा नियम सरळ आहे : नव्या रंगाची गाडी घेऊ नका. विकण्यासाठी मारलेल्या रंगाखाली काय आहे ते विकणाऱ्यालाच माहीत असतं. उडालेला रंग आणि दिसणारा गंज असलेली गाडी प्रामाणिक असते. लोहचुंबकाला पातळ फडकं गुंडाळा आणि मडगार्ड, बाजूचे पत्रे, पुढच्या काचेच्या चौकटीचे खालचे कोपरे यांवरून फिरवा. जिथे तो पकड सोडतो तिथे आत लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. थोडी लांबी सगळ्यांत असते. हाताच्या पंज्याएवढी असेल तर तिथे पत्रा उरलेलाच नाही असं समजा.

पायाखालचा तळ वरून नाही, खालून बघायचा. तळाला ताठपणा देणारे जे पत्र्याचे पन्हाळे खालून वेल्ड केलेले असतात त्यांत माती आणि ओल अडकते आणि तळ तिथूनच जातो. हे पन्हाळे गेले की बॉडी चासीवर नीट बसत नाही. तळ बदलणं चांगल्या कारागिराला अवघड नाही, फक्त त्याचा खर्च आधी धरा. आणि सीटखालची पेट्रोलची टाकी विसरू नका. झाकण उघडून टॉर्च मारा. वर्षानुवर्षं रिकामी राहिलेली टाकी आतून पोळीभर गंजाने भरलेली असते.

पूर्ण नवी बॉडी विकत मिळते हे खरं. पण मूळ बॉडीचा पत्रा जाड, तिच्यावरच्या दाबलेल्या रेषा वेगळ्या, आणि फायरवॉलवरची (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावरची) महिंद्राची माहितीपट्टी अस्सल. दुरुस्त होण्यासारखी मूळ बॉडी टाकून नवी चढवणं मला तरी पटत नाही. काम लांबेल, पण मूळच वाचवा.

इंजिन

विकणारा म्हणेल, ‘बॅटरी लावली की स्टार्ट होते.’ मग लावा आणि दाखवा. होत नसेल तर इंजिन जाम आहे असं धरूनच बोला. जुन्या जीपला एक सोय आहे : पुढच्या बंपरमधून हँडल घालून इंजिन हाताने फिरवता येतं. हँडल हळूहळू फिरतंय आणि चार वेळा ठरावीक अंतराने जड लागतंय, तर पुष्कळ आशा आहे. अजिबात हलत नसेल तर जोर लावू नका, सेल्फ तर मारूच नका. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि गिअर ऑइल सोडून काही दिवस तसंच ठेवलं की पुष्कळ इंजिनं सुटतात. पण ते गाडी घेतल्यानंतरचं काम. भाव ठरवताना जाम इंजिन म्हणजे पूर्ण इंजिनकाम, असाच हिशेब.

चालू होत असेल तर थंड इंजिनावरच सुरू करून बघा. तुम्ही पोचण्याआधी गरम करून ठेवलेलं इंजिन बरेच दोष लपवतं. पहिल्या मिनिटात ऑइलचं प्रेशर चढलं पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय : रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा, पाण्यावर तेलाचा तवंग आणि ऑइलमध्ये दुधाळ रंग म्हणजे हेड गॅसकेट किंवा ब्लॉकला चीर. हिवाळ्यात पाणी गोठून ब्लॉक फुटण्याची भीती आपल्याकडे नाही, पण पाण्याशिवाय चालवून हेड वाकवलेल्या जीपा भरपूर आहेत. सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन मीटर मिळाला तर चारही सिलिंडरचे आकडे घ्या. ते एकमेकांशी दहा पीएसआयच्या आत जुळत असतील तर इंजिन सांभाळलेलं आहे. एखादा फारच खाली असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर संशय घ्या.

खालून ऑइलचे थेंब दिसले म्हणून घाबरू नका. या इंजिनाच्या मागच्या सीलमधून थोडं ऑइल येतंच. थेंब चालतील, धार नको.

आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची गॅसकेटं त्याने फुगतात आणि फाटतात. गाडी कितीही छान चालत असली तरी ही तिन्ही बदलण्याचं काम यादीत पहिल्या पानावर लिहा. इंजिनाच्या उष्णतेजवळ पेट्रोल गळणं ही थट्टेची गोष्ट नाही.

गिअर, स्टिअरिंग, ब्रेक

सीजे-३बीचा गिअरबॉक्स तीन गिअरचा, आणि पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न करकरता बसवणारी रचना) नाही. चालत्या गाडीत पहिला टाकताना करकरला तर तो दोष नव्हे, गाडी थांबवून टाकायची पद्धतच आहे. दुसरा गिअर मात्र उतारावर पाय काढला की सटकून बाहेर येतो का ते बघा. येत असेल तर आतलं काम आहे. त्यामागे ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी. तिचे दोन दांडे, एक पुढचा अ‍ॅक्सल जोडणारा आणि एक हाय-लोचा (वेगाचा की ताकदीचा गिअर). दोन्ही हलतात का, हे मातीच्या रस्त्यावर तपासा, डांबरावर नाही. डांबरावर फोर व्हील लावून वळवली की सगळा ताण गिअरांवर येतो. पुष्कळ गाड्यांचा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट कुणीतरी काढून ठेवलेला असतो. तो कुठे आहे ते विचारा आणि गाडीबरोबरच मागून घ्या.

पुढच्या चाकांमागचे गोल नकल (चाक वळवणारे सांधे) बघा. त्यांचा पृष्ठभाग खड्डे पडून खरबरीत झाला असेल तर सील कितीही नवं टाका, ग्रीस बाहेर येतच राहणार. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर किंगपिनचे (चाक ज्या खिळीवर वळतं तिचे) बेअरिंग. स्टिअरिंगचा प्ले तर प्रत्येक जीपला असतो, पण तो कुठून येतो ते शोधायचं : एकाला चाक हलवायला सांगा आणि स्वतः खाली झोपून प्रत्येक सांधा बघा. मधली बेल क्रँक (स्टिअरिंगची ओढ चाकांकडे वळवणारा तुकडा) झिजलेली असणं ही सर्वांत नेहमीची तक्रार आणि दुरुस्तीही स्वस्त. स्टिअरिंग बॉक्स सैल असेल तर ते महाग.

ब्रेकबद्दल काही न बघताच सांगतो : सगळं नवं करायचं. एकच सर्किट, मास्टर सिलिंडर तळाखाली चिखलात, चारही चाकांना ड्रम. एक पाइप फुटला की पूर्ण ब्रेक जातो. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, पाइप आणि लायनर यांचे पैसे ठरलेल्या बजेटात धराच.

टायर ६.००-१६ मापाचे. याच मापाचे टायर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही बसतात आणि गावाकडच्या अनेक जीपांना तेच चढवलेले असतात. ते रस्त्यावरच्या वेगासाठी नाहीत, त्यांची किंमत धरू नका. चाकं काढताना आणखी एक लक्षात असू द्या. पुष्कळ जुन्या जीपांच्या डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. पाना जोर लावून नेहमीच्या दिशेने फिरवत बसलात तर स्टड तुटेल.

भाव

किंमत किती, हे एका आकड्यात सांगता येणार नाही. कागदांसकटची आणि कागदांशिवायची, एकाच मॉडेलच्या दोन जीपांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो आणि तो पडलाच पाहिजे. मी असं सुचवेन : तुमच्याकडे एकूण जेवढे पैसे आहेत त्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त गाडीवर घालू नका. उरलेल्यातला मोठा वाटा पत्राकाम आणि रंग खातो, इंजिन नव्हे. नवखी मंडळी याचा अंदाज नेहमी उलटा करतात.

वाटाघाटीला बसाल तेव्हा गाडीला नावं ठेवू नका. या जीपा घरातल्या माणसासारख्या असतात. कुणाच्या लग्नाची वरात तिच्यातून निघालेली असते, कुणाचे वडील ती स्वतः धुवायचे. दोषांची यादी शांतपणे वाचा, प्रत्येकाचा खर्च सांगा आणि तुमचा आकडा ठेवा. गाडी चांगल्या हाती जाते आहे हे कळलं की अनेक जण स्वतःहून भाव उतरवतात आणि माडीवर ठेवलेले मूळ दिवे, जुनी टूलकिट, हूडच्या कमानीही काढून देतात. त्या वस्तू आवर्जून विचारा. मूळ दिव्यांची जोडी बाजारात शोधायला जाल तेव्हा तिची किंमत कळेल.

थोडी बयाणा रक्कम देऊन लेखी पावती घ्या. बाकीची रक्कम हस्तांतराच्या फॉर्मवर सह्या झाल्यावर आणि शक्यतो बँकेतून द्या.

गाडी घरी आणताना, आणि त्यानंतर

टोचन लावून आणू नका. ब्रेक मेलेली, टायर चिरलेली, विमा नसलेली गाडी दोरीने ओढत हायवेवर आणणं हा दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. सपाट बॉडीचा ट्रक किंवा क्रेनवाला ठरवा, चारही चाकं बांधून आणा. आरसी आणि विक्रीची पावती सोबत असू द्या.

घरी आली की लगेच खोलायला घेऊ नका, मोह कितीही होवो. आधी धुवा आणि सगळीकडून फोटो काढा : वायरिंग कुठून कुठे जातं, पाइप कुठल्या क्लिपमध्ये आहे, कुठल्या बोल्टला कुठला वॉशर. सुरुवातीच्या काही गाड्या ६ व्होल्टच्या होत्या, तुमची कशी आहे हे बॅटरी जोडण्याआधी बल्ब आणि डायनमोवरून तपासा. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत, पिशवीवर नाव, आणि गंजलेला जुना भागसुद्धा नवा बसून गाडी फिरेपर्यंत फेकायचा नाही. पार्टसाठी मुंबईत ऑपेरा हाउसजवळचा मोटार पार्टचा बाजार, कुर्ल्याचे भंगारवाले, पुण्याचा जुना बाजार, आणि मोठी यादी झाली तर दिल्लीचं काश्मिरी गेट. प्रत्येक ठिकाणी जुना भाग हातात घेऊनच जा, तोंडी वर्णनावर मिळणारा भाग निम्म्या वेळा चुकीचा असतो.

कामाचा क्रम : ब्रेक, मग पेट्रोलची लाइन आणि टाकी, मग इंजिन, मग स्टिअरिंग आणि पाटे, मग वायरिंग. रंग न लावता गाडी एकदा आवारात, मग शेतरस्त्यावर काही आठवडे चालवून बघा. गळती, खडखड, तापणं हे सगळं याच काळात वर येतं आणि प्रत्येक दुरुस्तीला बोनेट, मडगार्ड काढावे लागतात. त्यानंतरच बॉडी उतरवून पत्राकामाला द्या. पत्राकाम करणाऱ्याकडे गाडी सोडून निघून येऊ नका, दर आठवड्याला जाऊन बघा आणि लांबी भरण्याआधीचा उघडा पत्रा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय प्रायमर मारू देऊ नका. हूडचं कापड सर्वांत शेवटी शिवायचं, काचेची चौकट आणि कमानी आपापल्या जागी पक्क्या बसल्यावर, प्रत्यक्ष गाडीवर माप घेऊन.